‘स्लीपवेअर’ लिहिल्याने अमेरिकेत शुल्क कमी होत नाही

अमेरिकेला लेडीज नाइटवेअर पाठवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरत असतो: ‘लेबलवर आणि इन्व्हॉइसवर स्लीपवेअर लिहा, टॉप आणि पॅन्ट एका पिशवीत घाला, सगळा माल टॅरिफच्या (शुल्कसूचीच्या) ६१०८ या शीर्षकाखाली ८.५ टक्क्यांत सुटतो.’ या भरवशावर भाव ठरवले, तर भुर्दंड आधी आयातदाराला बसतो आणि पुढची ऑर्डर तुमच्या हातून जाते.

आधी ८.५ टक्के. हा मूळ दर फक्त सुती होजिअरीच्या (निटेड कापडाच्या) नाइटड्रेस-पायजम्याचा आहे, म्हणजे ६१०८.३१ चा. त्यावरची अतिरिक्त शुल्कं वेगळी. वोव्हन (मागावर विणलेला) सुती माल ६२०८.२१ मध्ये जातो, दर ८.९ टक्के. मानवनिर्मित धाग्याला दोन्हीकडे १६ टक्के. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण मोडाल आणि बांबू व्हिस्कोस ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जातात. टॅरिफच्या भाषेत दोन्ही मानवनिर्मितच. कापूस-पॉलिएस्टर वजनाने अगदी निम्मे-निम्मे असतील, तर ज्याचं शीर्षक टॅरिफच्या क्रमात शेवटी येतं तो धागा धरतात, म्हणजे पुन्हा १६. कापूस ५५ टक्के ठेवला की प्रश्न मिटतो, पण तसा लॅब रिपोर्ट जवळ हवा.

आता लेबल. कस्टम्स आधी कपडा बघतं: कापडाची जाडी, कट, खिसे, कमरेची पट्टी. मग ऑर्डर कोणत्या विभागाने दिली, जाहिरात कशी केली, दुकानात तो कुठे टांगला जातो. जाड फ्रेंच टेरी, हूड, बाजूला खोल खिसे असलेला सेट घरभर आणि अंगणात वावरायचा ठरतो. असं लाउंजवेअर म्हणजे स्लीपवेअर नव्हे, हे इंटरनॅशनल होम टेक्स्टाइल खटल्यात १९९७ साली अमेरिकेच्या व्यापार न्यायालयाने सांगितलं आणि १९९८ मध्ये ते अपिलातही टिकलं. मग सुती टी-शर्ट ६१०९ मध्ये १६.५ टक्के, पॅन्ट ६१०४ मध्ये १४.९ टक्के. १० डॉलरच्या सेटमध्ये टॉप ४ चा आणि पॅन्ट ६ ची धरली, तर ८५ सेंटऐवजी सुमारे १ डॉलर ५५ सेंट भरावे लागतात.

पिशवीचा मुद्दा तर उलटाच आहे. टॅरिफच्या अकराव्या (कापडाच्या) विभागाची टीप १४ सांगते, की वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे सेट म्हणून बांधले तरी आपापल्या शीर्षकात जातात. पायजमा या नियमातून सुटतो, कारण टॅरिफमध्ये त्याचं नावच आहे, आणि तो दोन नगांचा, म्हणजे टॉप-पॅन्टचा जोड, समजतात. त्यासाठी टॉप आणि पॅन्ट एकाच शिपमेंटमध्ये, जुळत्या साइजचे आणि समान संख्येत हवेत. ६०० टॉप आणि ५८० पॅन्ट गेल्या, तर उरलेले २० टॉप सुटे धरले जातात. सोबत रोब असेल तर त्याचं शीर्षक वेगळं. सुटे विकायचे ‘मिक्स अँड मॅच’ नग पायजमा होत नाहीत.

आपल्याकडे दिवसभर घालतात तो वोव्हन सुती गाऊन हा आणखी एक अपवाद. तो ड्रेस ठरला तर ६२०४.४२ मध्ये ८.४ टक्के, म्हणजे नाइटड्रेसपेक्षा कमीच. तिथे स्लीपवेअर म्हणून धडपड करण्यात काही हशील नाही.

शंका असलेल्या स्टाइलसाठी माल निघण्यापूर्वी आयातदाराला अमेरिकन कस्टम्सकडे बंधनकारक रूलिंग, म्हणजे माल कोणत्या शीर्षकात जाईल याचा लेखी निर्णय, मागायला सांगा. फी नाही, उत्तर साधारण ३० दिवसांत येतं. अर्जासोबत शिवलेला नमुना, धाग्याची टक्केवारी आणि विक्रीचं कॅटलॉग पान द्या.