'कपात सगळ्यांना सारखीच होती' म्हणणाऱ्या वाचकांना

इंग्रज सरकारच्या काटकसरीवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: १९३१ ची सरकारी नोकरांची दहा टक्के पगारकपात कलेक्टरपासून कारकुनापर्यंत सगळ्यांना सारखीच होती, तेव्हा मंदीमुळे स्वस्ताईही होती, आपल्या पुढाऱ्यांनी कधी स्वतःचा पगार कापला का, आणि 'बेळगावकडच्या लोकांना रडगाणं गायची सवयच आहे.'

महाराज, तुमच्या प्रोफाइलवर पुणे लिहिलंय. त्या लेखात सीमाप्रश्नाबद्दल अवाक्षर नव्हतं, १९५६ चं नाव नव्हतं. तरी तुम्हाला रडगाणं ऐकू आलं? मतभेद असू देत की, पण मुद्दा सोडून माणसाच्या गावावर घसरायचं हे कुठलं वळण? आमच्या बेळगावच्या खडेबाजारात भाव करतानासुद्धा लोक याहून नीट बोलतात.

एक मान्य करतो. कपात वरच्या साहेबांनाही लागली. आयसीएसवाल्यांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या सनदी अधिकाऱ्यांच्या, पगाराला हात लावायला तर लंडनच्या पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. तेवढं तुमचं बरोबर.

पण 'सारखीच'? माझे आजोबा तेव्हा इथेच बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, कारकून होते. खातं कुठलं ते सोडा, दिल्लीच्या ताब्यातलं होतं एवढं पुरे. पगार साठ रुपये. त्यांची खर्चाची वही माझ्याकडे आहे, मोडीत लिहिलेली. कपातीनंतरच्या महिन्यात जमेला चोपन्न, आणि खाली दुधाचा रतीब शेरावरून अर्ध्या शेरावर. घरात तेव्हा तीन लहान मुलं. तीन हजारवाल्या साहेबाचे तीनशे गेले, सत्तावीसशे राहिले. त्याच्या बंगल्यावरचं दूध कमी झालं असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? टक्का सारखा असला म्हणून चटका सारखा होत नाही. हे मला पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही, मी ती वही हातात धरून वाढलोय. तुम्ही कुठली वही पाहिलीत?

आणि १९३१ च कशाला, थोडं मागे जा. १९२२ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली काटकसर समिती नेमली. १९२३ मध्ये तिने सव्वाएकोणीस कोटींची कपात सुचवली, त्यातला निम्म्याहून जास्त भाग लष्करी खर्चातला. ठीक. पण त्याच वर्षी अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करायला मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला, तोही कायदेमंडळाने नाकारल्यावर व्हाइसरॉयच्या खास अधिकारात. पुढच्या वर्षी तो उतरवावा लागला, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं. आणि त्याच १९२४ मध्ये वरच्या सरकारी नोकऱ्यांसाठी नेमलेल्या ली कमिशनने गोऱ्या अधिकाऱ्यांना काय द्यायला सांगितलं? वाढीव भत्ते आणि विलायतेला जाण्यायेण्याचं बोटभाडं. त्याच साली गांधीजी आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते. पुढे १९३० मध्ये व्हाइसरॉयला पत्र लिहून त्यांनी हिशेब मांडला: तुमचा पगार दिवसाला सातशे रुपयांच्या वर, आणि आमच्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. आता गांधीजीही रडगाणंच गात होते म्हणा.

कपात तात्पुरती होती, असंही तुम्ही कंसात सुनावलंय. हो, होती. १९३३ मध्ये निम्मी उठली आणि १९३५ मध्ये पूर्ण. पण ज्यांच्या जागाच काटकसरीत गेल्या त्यांना कोण, कधी आणि कुठल्या खुर्चीवर परत बसवणार होतं? त्यावर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही.

स्वस्ताईचं म्हणाल तर तो अर्थशास्त्राचा वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. बेळगावला लागूनचं शाहापूर सांगली संस्थानात होतं, तिथे काय घडलं वगैरे तुमचे फाटे तर मूळ लेखाशी संबंधितच नाहीत.

राहिला पुढाऱ्यांचा पगार. कराचीच्या काँग्रेसने १९३१ मध्येच ठरवलं होतं की सरकारी पगार सर्वसाधारणपणे महिना पाचशेच्या वर नको. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा मंत्र्यांनी पाचशेच रुपये पगार घेतला. बेळगाव त्या वेळी मुंबई प्रांतात होतं आणि तुमचं पुणंही. तेव्हा 'कधी कापला का' हा प्रश्न इंग्रजांच्या बाजूने विचारण्याआधी जरा घरचा इतिहास चाळायचा होता.