सागवानाच्या मुलखात गिटारचं लाकूड महाग का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटारला जोगतं लाकूड मिळत नाही आणि पाठीला शिसवीऐवजी साग चालेल, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिटारला लाकूड लागतं किती, एका दिवाणात दहा गिटारी निघतील. नागपूरच्या चहूबाजूंना सागाचं जंगल आहे, बल्लारशाहचा लाकूड डेपो काही तासांवर आहे. तरीही ‘लाकूड मिळत नाही’ म्हणणं हा भाव वाढवायचा बहाणा आहे. शिवाय शिसवीच्या जागी साग लावणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

पहिला मुद्दा तुम्ही मांडलात त्याहूनही खरा आहे. गिटारच्या पाठीचे, म्हणजे मागच्या फळीचे, दोन तुकडे धरा, प्रत्येकी ५५० × २०५ × ४ मिलिमीटर. बाजूच्या दोन पट्ट्या ८२० × १२५ × ३. सगळं मिळून एका घनफुटाचा साधारण अठरावा भाग होतो. तीन घनफुटांच्या दिवाणात कागदावर चोपन्न गिटारी बसतात. म्हणजे तुटवडा घनफुटांचा नाहीच. तुटवडा आहे तो रुंद, सरळ आणि उभ्या रेषेच्या फळीचा. मूळ लेखात हे नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं.

उभी रेष म्हणजे काय, ते फळीच्या टोकाकडून बघितलं की कळतं. वर्षवलयांच्या रेघा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात उभ्या असल्या पाहिजेत. अशी फळी फक्त ओंडक्याच्या त्रिज्येवर निघते, म्हणजे मधल्या नाभीपासून सालीकडे. त्यात नाभीजवळचं तडकणारं लाकूड, सालीलगतचं पांढरं लाकूड आणि साल मिळून पाच सेंटिमीटर तरी जातात. आता हिशेब करा. पाठीच्या एका अर्ध्याला २०.५ सेंमी रुंदी हवी, तर त्रिज्या २५.५ सेंमी हवी, म्हणजे ओंडक्याचा घेर १६० सेंमी. रोपवनातल्या विरळणीतून (दाटी कमी करायला केलेल्या तोडीतून) येणारा ९० सेंमी घेराचा ओंडका घ्या. त्याची त्रिज्याच १४.३ सेंमी. पाच वजा केल्यावर हाती उरते जेमतेम नऊ सेंमीची पट्टी. तो ओंडका चौकटीला उत्तम, पलंगाच्या पायाला उत्तम, पण दोन तुकड्यांच्या पाठीला त्यातून एकही फळी निघत नाही. जाड घेराच्या मालावर दारं-खिडक्या करणारे, जहाजकामवाले, मोठे ठेकेदार सगळेच टपलेले असतात, आणि लिलाव अख्ख्या लॉटचा होतो. दोन फळ्या हव्या असलेल्या माणसाला तिथे जागा नसते.

कातकामात आणखी घट होते. एक इंची फळीतून ४ मिमीचे पातळ पापुद्रे काढायचे असतील, तर पातळ पात्याच्या बँडसॉवर (पट्टा-करवतीवर) चार निघतात. गोल पात्याच्या मशीनवर प्रत्येक कापात ४ मिमी भुसा होतो, तिथे तीनच. त्यातल्या एकात गाठ किंवा पिळलेली रेष निघाली की तो बाद. दिवाणाच्या फळीत गाठ चालते, पॉलिशखाली शोभूनही दिसते. गिटारची पाठ रंधून शेवटी २.५ मिमीवर येते, तिथे गाठ म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातली भेग.

उन्हाळ्याचं कौतुक नागपूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांखाली जाते आणि लाकडातला ओलावा पुरता वेळ मिळाला तर ४ ते ५ टक्क्यांवर येतो. ऐन पावसाळ्यात तोच १५ टक्क्यांपर्यंत चढतो. या दहा टक्क्यांच्या फरकाने सागाची ४०० मिमी रुंदीची पाठ उभ्या रेषेची असेल तर सुमारे ३.५ मिमी हलते, आडव्या रेषेची असेल तर ७ मिमी. टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते; ती उभ्या रेषेची असूनही ६ मिमीच्या आसपास हलते. चारही बाजूंनी चिकटवलेल्या पातळ फळीला आकसायला वाव नसतो, मग ती फाटते. त्यात दिवसभर कूलरसमोर दमट आणि कूलर बंद झाला की कोरडी ठणठणीत, अशी खोली असेल तर विचारूच नका. म्हणून ‘वखारीतली कोणतीही फळी चालते’ हे मुंबईत एकवेळ खपेल, नागपुरात नाही. ब्रेसिंग (आतून आधाराला लावायच्या पट्ट्या) आणि पाठ चिकटवायची ती आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असताना. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्याला बरे. तरी हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) बघूनच हात घालावा.

आता शिसव. इथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे: महागाईचं सगळं खापर मी साइटिस करारावर (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या करारावर) फोडलं, ते बरोबर नव्हतं. ब्राझीलची शिसव १९९२ साली त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या यादीत, गेली. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया या शिसवीच्या प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, आल्या, त्यात आपली दक्षिणेकडची शिसवही आली. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग यांना त्यातून सूट आहे. म्हणजे आज आपल्या शिसवीची तयार गिटार परदेशी पाठवताना तो अडसर उरलेला नाही. भाव चढे आहेत ते दुसऱ्या कारणाने. ब्राझीलचा माल बंद झाल्यावर जगभरचे कारखाने आपल्या शिसवीकडे वळले, आणि रुंद फळी देणारी जुनी झाडं मोजकीच आहेत. त्यातली बरीचशी चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली.

फ्रेटबोर्डच्या (तारा दाबायच्या पट्टीच्या) आबनूस या काळ्या लाकडाबद्दल तुम्ही ‘आपल्याकडे तेंदू आहे ना’ असं लिहिलंत. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बरोबर, तेंदू त्याच कुळातला. पण काळा गाभा जुन्या झाडातच, तोही वेडावाकडा मिळतो, आणि वाळताना तडकतो. बिड्यांच्या पानासाठी तर झुडपंच छाटतात. त्यातून ५०० × ७० × ८ मिमीची सरळ पट्टी निघणं दुर्मीळ.

फसवणुकीच्या आरोपाशी मात्र मी अजिबात सहमत नाही. सागाची गिटार शिसवीची म्हणून विकली तर ती फसवणूक. साग म्हणून विकली तर नाही. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फक्त पाठ-बाजूंचं लाकूड वेगळं, बाकी सगळं सारखं, अशा सहा गिटारी ५२ वादकांना नीट दिसणार नाहीत अशा बेताने वाजवायला दिल्या. ब्राझीलची शिसव, भारतीय शिसव, महोगनी अशी सहा लाकडं होती. वादकांनी दिलेल्या गुणांत जवळजवळ फरक पडला नाही. साग त्या सहांत नव्हता, हे खरं. पण महागडी पाठ म्हणजे चांगला आवाज, हा समज तेवढ्याने ढिला होतो. आवाजाचा मोठा भार टॉपवर असतो, आणि तिथे मी सागाची शिफारस केलेलीच नाही. साग घनमीटरला ६५० किलोच्या घरात, स्प्रूस सव्वाचारशे. तेवढ्याच कडकपणासाठी दीडपट वजन टॉपला परवडत नाही.

पाठीला साग लावायचा तर तीन किंवा चार तुकड्यांची पाठ करा. तीन तुकड्यांना प्रत्येकी १३.५ सेंमी लागते, ती १२० सेंमी घेराच्या ओंडक्यात मिळते. चार तुकड्यांना १०५ सेंमीचा घेरही पुरतो. सागातलं तेल सरसाला नीट धरू देत नाही. त्यामुळे जोडायच्या कडा १२० नंबरच्या कागदाने ताज्या घासा, ॲसिटोनने पुसा, ते उडालं की पंधरा-वीस मिनिटांत चिकटवून टाका. आदल्या दिवशी रंधून ठेवलेली कड दुसऱ्या दिवशी चिकटवली की सांधा नंतर उघडतो, कारण रात्रभरात तेल पुन्हा वर येतं. सागात वाळूसारखे कणही असतात, रंध्याची धार पटकन जाते. बोथट पात्याने कड गोल होते आणि मग दोष सरसाला दिला जातो.

तुम्ही सुचवलेला महाल-इतवारीतल्या पाडलेल्या वाड्यांचा माल खरोखर चांगला. इतकी वर्षं नागपूरचे उन्हाळे-पावसाळे सोसलेलं लाकूड आता फारसं वाकत नाही. फक्त तुळई विकत घेण्याआधी टोक कापून बघा. सहा इंची तुळईच्या बरोबर मधोमध नाभी दिसली, तर दोन्हीकडून सहा-साडेसहा सेंमीच्या पट्ट्याच निघतील. त्या नेकच्या (गिटारच्या मानेच्या) थरांना किंवा ब्रिजला (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीला) वापरा, पाठीचा नाद सोडा. नाभी तुळईच्या बाहेर असेल आणि रेघा एका बाजूला उभ्या असतील, तर तीच घ्या. आऱ्यावर नेण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. वाड्याच्या तुळईत डोकं तुटलेला एक तरी खिळा आत बसलेला असतो.