हे राणे वेगळे

कोकणात 'राणे' म्हटलं की गाडी थेट राजकारणावर जाते, म्हणून आधीच सांगतो, ही पोस्ट रामा राघोबा राणे यांच्यावर आहे. परमवीर चक्र. गाव चेंडिया, कारवारजवळ. आता कारवार कर्नाटकात गेलं म्हणून 'ते तिकडचे' असं कुणी म्हणणार असेल तर धन्य आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या सोयरिकी अजून कारवारात होतात.

जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये राणे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनीअर दलात, भरती झाले आणि महायुद्धात ब्रह्मदेशात लढले. पण मला सांगायचंय ते एप्रिल १९४८ चं.

पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं. जम्मूकडची राजौरी शत्रूच्या ताब्यात होती, आणि तिथल्या लोकांचे हाल तर विचारूच नका. नौशेऱ्याहून रणगाडे तातडीने पोचायला हवे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं तोडून आडवी टाकलेली, वर डोंगरातून मारा चालू. रस्ता मोकळा करायचं काम सेकंड लेफ्टनंट राणे आणि त्यांच्या तुकडीवर आलं. ८ एप्रिलला हात घालतात न घालतात तोच उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी मागे गेले नाहीत.

पुढे गोळीबारात उभं राहणंच अशक्य झालं, तेव्हा हा माणूस रणगाड्याच्या पोटाखाली शिरला. दोन दोर ड्रायव्हरच्या हातात. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. वर टनावारी लोखंड, समोर सुरुंग, आणि मधे सरपटत चाललेले राणे. ड्रायव्हरचा एक दोर चुकला असता तर? मी या प्रसंगावर दरवेळी अडकतो.

आमच्याकडे विहिरीला काळा दगड लागला की सुरुंग लावतात. चार लावले आणि तीनच वाजले, तर चौथ्याचं काय झालं ते बघायला खाली कोण उतरणार यावरून काठावर केवढी शांतता पसरते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. राणे तीन-चार दिवस तेच करत होते, तेही गोळीबारात. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत पोचलं.

माझी तक्रार एवढीच की आपल्याला शूर म्हणजे चाल करून जाणारा, मारणारा नाहीतर मरणारा हवा असतो. दुसऱ्यांना जाता यावं म्हणून मातीत बोटं घालून बसणारा आपल्या डोळ्यांत भरत नाही. त्यातून राणे जगले. मेजर होऊन १९६८ ला निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात गेले. रणांगणावर पडले असते तर आज चौकाचौकात नाव असतं, असं मला राहून राहून वाटतं. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, शेजारी 'चपळ' ही जुनी युद्धनौका. गर्दी कुणाकडे जास्त असते ते सांगायला नकोच.

शाळेत शिक्षक असलेल्या मित्रांनो, येत्या २६ जानेवारीला पोरांच्या हाती लाकडी बंदुका द्याच, पण एकाला बाकाखाली झोपवा आणि दोन दोर द्या. पालक म्हणतील, आमचा मुलगा दिसतच नाही. म्हणू देत.