खुलासा : ‘लठ्ठपणा श्रीमंतांचा, गरिबाचा तो आळस’ हा संदेश चुकीचा आहे

‘लठ्ठपणा हा श्रीमंतांचा आजार, गरिबाचं वजन वाढलं तर तो निव्वळ आळस’ असा संदेश सध्या फिरतो आहे. पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, दुसरं चूक.

१९८९ साली १४४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गरीब देशांत सुस्थितीतल्या लोकांमध्ये लठ्ठपणा जास्त दिसला. श्रीमंत देशांतल्या स्त्रियांमध्ये मात्र नेमकं उलट. पुरुषांचं चित्र इतकं स्पष्ट नव्हतं.

अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी मदत मिळाली. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं, तेव्हा नंबर न लागलेल्या कुटुंबांपेक्षा या कुटुंबांतल्या स्त्रियांमध्ये तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं. सोडतीत नंबर लागला म्हणून कुणाचा आळस जात नाही! मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

साखर आणि तेलातून उष्मांक स्वस्तात मिळतात, भाज्या-फळांतून महाग पडतात. दिवसा-रात्री बदलत्या पाळीत (शिफ्टमध्ये) काम करणाऱ्याला झोप पुरत नाही, दिवसभर राबूनही व्यायामाला वेळ उरत नाही.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.