बेळगाव शोधायला गेलो, बेल्जियम गावलं

106 रुपये गेले ह्याचं एवढं वाईट वाटत नाही, फ्रेंचवर गेले ह्याचं वाटतंय.

भाची लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनचा विषय भाषिक अल्पसंख्याकांचे मानवी हक्क, पाच सोर्स पाहिजेत, आणि "मामा, तू वकील आहेस की!" आहे की. पंचवीस वर्षं चेक बाऊन्स आणि भावाभावांच्या वाटण्या करतोय, मानवी हक्कांशी माझा संबंध कोर्टाच्या कँटीनमध्ये बसायला खुर्ची मिळावी इतपतच. पण मामा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. घरचं नेट नेमकं त्याच दिवशी मेलेलं, म्हणून कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात एका झेरॉक्सवाल्याकडे कॉम्प्युटर घेऊन बसलो.

आधी यूएनची साईट उघडली. तिथं सगळं आहे आणि फुकट आहे, खोटं कशाला बोलू. फक्त कुठला कागद कुठल्या नावानं ठेवलाय हे तुम्हाला जन्मतःच माहीत असावं लागतं. मला पाहिजे होतं नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं कलम 27, म्हणजे अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरायचा हक्क नाकारता येणार नाही म्हणणारं. भारत त्या करारात 1979 ला सामील झालाय. आणि त्या कलमाचा अर्थ सांगणारी 1994 ची टिप्पणी. तिचं नाव काय असेल म्हणता? सीसीपीआर/सी/21/रेव्ह.1/ॲड.5.

शेजारच्या स्टुलावर एक काका बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर बिग शॉपर, हातात नुकतीच काढलेली पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. पाऊस थांबायची वाट बघत होते आणि तोवर माझा स्क्रीन म्हणजे त्यांचा टीव्ही. मी तो नंबर पुटपुटत टाईप करालो तसे ते जवळ सरकले.

"सर्व्हे नंबर काय हो वकीलसाहेब?"

"नाही काका, कागदाचा नंबर आहे."

"हिस्सा कितवा?"

"हिस्सा नसतोय ह्याला."

"मग 21 च्या फुडं एक कश्याला घातलाय? आमचं 47 बाय 2. दोन म्हणजे धाकट्याचं." थोडं थांबून, "आणि ते पाच म्हणजे बहिणींनी पण नाव लावून घेतलंय बघा."

मी म्हटलं काका, हे यूएनचं आहे, जिनिव्हाचं.

"मग हितं काय शोधालाय? त्येंच्या तलाठ्याकडं जावा की."

आता हसू नका. त्या साईटवर तासभर घालवलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तिथं तलाठीच पाहिजे. एक पान दाबलं की दुसरं, दुसऱ्यावर 'पान सापडत नाही', आणि सरकारांचे अहवाल, समितीचे शेरे, शेऱ्यांवर सरकारांची उत्तरं, सगळं वेगवेगळ्या कपाटात. आपल्याकडचे निकाल तरी इंडियन कानूनवर नाव टाकलं की येतात. पैसेवाल्या डेटाबेसचं तर बोलूच नका, त्यांच्या वर्षाच्या वर्गणीत माझ्या गाडीचे दोन टायर येतील.

मग आपल्याच भागातला एखादा निकाल मिळतोय का बघायला गुगलवर गेलो. बेलगाम, भाषिक अल्पसंख्याक, शाळा, निकाल असं इंग्रजीत टाकलं. गुगलला वाटलं म्हाताऱ्याचं स्पेलिंग चुकलंय आणि त्यानं बेल्जियम दाखवलं. शहराचं नाव 2014 ला बेळगावी झालंय हे मला माहीत आहे, तेही टाकून बघितलं, हॉटेलं आणि कुंदा आला.

पण ते बेल्जियमच कामाचं निघालं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाची हुडॉक म्हणून साईट आहे, त्यात 1968 चा निकाल. डच भाषेच्या भागात राहणारे फ्रेंच बोलणारे आईबाप, पोरांना फ्रेंचमधून शिकवायचं म्हणत कोर्टात गेलेले. मी हरखलो आणि न वाचता प्रिंट दिली. 43 पानं पडल्यावर दुकानातला पोरगा पहिलं पान हातात घेऊन गालातल्या गालात हसाला.

"सर, कुणाचं अफेअर?"

वर खरंच मोठ्या अक्षरात 'अफेअर' होतं. फ्रेंचमध्ये खटल्याला तसंच म्हणतात. तो निकाल दोन भाषांत आहे, मी नेमकी नको ती दाबलेली. काका मान लांब करून बघालेत, दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं, आणि मी पन्नाशीचा माणूस सांगतोय की हे तसलं नाही हो, शाळेचं आहे. त्यानं आणखीच घोळ झाला.

शेवटी काकांना सगळी स्टोरी सांगावी लागली. की बऱ्याच मुद्द्यांवर आईबाप हरले, पण ब्रुसेल्सच्या वेशीवरच्या सहा गावांतल्या फ्रेंच शाळेत, निव्वळ आईबाप गावाबाहेर राहतात म्हणून पोरांना घेत नव्हते, तो एक मुद्दा जिंकले. 8 विरुद्ध 7.

"एका मतानं? म्हणजे ग्रामपंचायतीसारखंच की!" मग बोटं मोजत, "आमचं 2004 ला सुप्रीम कोर्टात घातलंय, अजून तारखाच. त्येंचं 1968 लाच लागलं. त्येंचे वकील कोण हो?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. तो सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्र सरकारचा आहे, माझा काय संबंध!

मग म्हणाले, ही पहाणी तेवढी वाचून सांगा. कन्नडात होती. मी वाचली, मला येतंय, आणि कन्नडाशी माझं भांडण नाही, माझे अर्धे अशील कन्नडच आहेत. पण एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या हे कागदावर कधीचं ठरलंय, घटनेत 350 ब खाली त्यासाठी आयुक्त आहे, आणि सत्तरीचा माणूस स्वतःच्या शेताचा कागद परक्याकडून वाचून घेतोय. यूएनच्या सहा भाषांत मराठी नाही, तरी 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यांच्या साईटवर मराठीत आहे. जिनिव्हाला जमलं.

असो. बिल झालं, पानाला 2 प्रमाणे 86, नेटचे 20. इंग्रजी प्रत मोबाईलवर बघीन म्हटलं. फ्रेंच गठ्ठा कचऱ्यात टाकणार तेवढ्यात काकांनी हात धरला.

"पाठ कोरी हाय की. नातवाला गणितं घालायला होतंय."

"कुठल्या शाळेत आहे?"

"कन्नडात घातलाय. फुडं नोकरीचं बघाय नको?"

गठ्ठा बिग शॉपरमध्ये पहाणीशेजारी नीट ठेवून, पाऊस थांबला तसे ते गेले.

रात्री भाचीचा मेसेज: मामा, एकच सोर्स? आणि मॅडम म्हणाल्या बेल्जियम नको, लोकल काहीतरी द्या.