गोलच कशाला?

परवा सांगलीच्या गणपती पेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात, राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या विजेच्या हातयंत्राने, लाकूड गोल कापण्याची जिग (मधोमध पिन रोवून तिच्याभोवती राउटर फिरवणारी पट्टी) निवडत असताना, एका अनोळखी गृहस्थांनी माझा जो उद्धार केला त्याची ठसठस अजून गेलेली नाही. प्रकरण साधे होते. जेवणाच्या टेबलासाठी १८ मिलिमीटरच्या प्लायमधून ९०० मिलिमीटर व्यासाची तबकडी कापायची होती आणि निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला राउटर घरी होता.

दुकानदाराने दोन जिग समोर ठेवल्या. एक ॲक्रिलिकची पट्टी, ठरावीक अंतरांवर भोके पाडलेली. दुसरी ॲल्युमिनियमची, सरकत्या पिनेची. पहिलीत हवी ती त्रिज्या मिळत नाही. दुसरीत मिळते, पण पिन जराशी जरी हलली तर वर्तुळ फिरून आल्यावर सुरुवातीच्या टोकाला न भेटता शेजारून निघून जाते. दोन्हींच्या खोक्यांवर ‘सर्व राउटरना चालते’ असे छापलेले होते. मी पिशवीतून माझ्या राउटरची बेसप्लेट, म्हणजे जिग जिला स्क्रूंनी जोडतात ती तळाची चकती, काढून लावून पाहिली, तेव्हा तीन स्क्रूंपैकी एकाचेच भोक जुळले. खोक्यावर स्क्रूंमधले अंतर छापायला कितीशी शाई लागते? पण ते कोणीही छापत नाही आणि गिऱ्हाइकाने भर बाजारात बेसप्लेट खिशात घेऊन हिंडावे अशी अपेक्षा ठेवली जाते.

इतक्यात कडी-कोयंडा घ्यायला आलेले काका माझ्या खांद्यावरून वाकले.

“काय घेताय ओ?”

“गोल कापायची जिग.”

“गोलच कशाला? चौकोनी टेबलाला काय धाड भरलीय?”

मी म्हणालो की गोल टेबलाला कोपरे नसतात. “ते आमाला बी ठावं हाय,” असे म्हणून त्यांनी दुकानदाराकडे सुतळी मागितली, त्यानेही निमूटपणे दिली, आणि काकांनी माझीच पेन्सिल घेऊन काउंटरवरील वर्तमानपत्रावर, थेट निधन-वार्तेच्या पानावर, एक वर्तुळ काढून दाखविले. वर्तुळ उत्तम आले, हे मला मान्य करावेच लागेल. “खिळा, सुतळी, पेन्सिल. खर्च शून्य.” काढणे आणि कापणे यांत फरक असतो, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले: बिट, म्हणजे राउटरचे कापणारे पाते, ६ मिलिमीटर जाड असते, म्हणून तबकडी हवी असेल तर पिनेपासून बिटाच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचे आणि भोक हवे असेल तर बाहेरच्या कडेपर्यंत, ही गल्लत झाली की व्यासात १२ मिलिमीटरचा घोळ होतो. काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि दुकानदाराला विचारले, “सर सुतार हैत का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हते.

“मिरजेत तंबोरे करत्यात, ते काय असली मशीन लावून गोल करत्यात व्हय?” त्यांनी पुढचा घाव घातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वाद्यांपुढे माझ्या टेबलाची काय मातब्बरी, असे वाटून मी गप्प बसलो. तंबोऱ्याचा भोपळा वेलावरच गोल होतो, त्याला कोणी कापून गोल करीत नाही, हे मला रात्री आमटी वाढून घेताना सुचले.

जाता जाता त्यांनी विचारले, “पर त्यो खिळा रोवल्यावर टेबलाच्या मधोमध भोक पडणार न्हवं?”

दुकानातील चारही माणसे माझ्याकडे पाहू लागली. उत्तर मला ठाऊक होते, पण ऐनवेळी तोंडातून फक्त “बघू” एवढेच निघाले.

मी सरकत्या पिनेची जिग घेतली आणि बेसप्लेटला बसावी म्हणून तिला घरी नवी दोन भोके पाडली. पैसे मोजून आणलेल्या वस्तूची निम्मी घडाई आपणच करायची, हा एक वेगळाच संताप आहे. प्लाय पालथा टाकून, पिनेचे भोक खालच्या बाजूने ८ मिलिमीटरच पाडून, तळाशी टाकाऊ फळी ठेवून, राउटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत, दर फेरीला ३ मिलिमीटर याप्रमाणे सहा फेऱ्यांत तबकडी सुटी केली. वरच्या बाजूला भोक नाही. जिथे फेरी जुळते तिथे अर्ध्या मिलिमीटरची पायरी आहे, पण ती अंगठा फिरवला तरच लागते.

त्यानंतर मी त्या दुकानात तीनदा गेलो. रिकाम्या हाताने निघता येत नाही, त्यामुळे घरात सव्वा इंची स्क्रूंची तीन पाकिटे साठली आहेत. मोबाइलमध्ये टेबलाचा फोटो आहे, पायरी दिसणार नाही अशा बाजूने काढलेला. काका मात्र फिरकलेले नाहीत. त्यांचा कडी-कोयंडा पहिल्याच फटक्यात बसला असावा.