परत कोणी मला "प्रॉस्पेक्ट आहेत रे (म्हणजे पुढे चमकतील अशी कोवळी पोरं), थांब जरा" म्हणालं ना...

गणपतीत एका मित्राकडे आरतीला गेलो होतो. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, मी पेपर प्लेटमध्ये दुसरा मोदक घेऊन त्यावर तूप सोडतोय तेवढ्यात यजमान शेजारी येऊन बसले आणि म्हणतात कसे, "काय मस्त ट्रेड मारली रे आपण!"

आपण. मारली. जसं काही हा जाऊन सह्या करून आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रेड म्हणजे बेसबॉलच्या टीम आपापसात प्लेयर बदलतात ती, आणि यात गेला मेसन मिलर. हा आमच्या ए'जचा, म्हणजे आधी ओकलंडला असलेल्या ॲथलेटिक्स टीमचा क्लोजर होता, शेवटची इनिंग टाकायला येणारा पिचर, म्हणजे बोलर. ताशी 165 किलोमीटरच्या आसपास बॉल टाकतो. शोएब अख्तरचा 161.3 चा बॉल आपण अजून कौतुकाने आठवतो, हा माणूस तसे बॉल सटासट टाकतो आणि वर स्लायडर, म्हणजे ऐनवेळी वळणारा बॉल, असा की बॅट्समन बॉल गेल्यावर बॅट फिरवतो. अजून चार वर्षं टीमच्या ताब्यात होता. आणि 2025 च्या 31 जुलैला, ट्रेड करायच्या शेवटच्या दिवशी, दिला सॅन डिएगोला. वर सीअर्सपण दिला, नियमित मॅच सुरू करून देणारा डावखुरा पिचर, भाजीवर कोथिंबीर फुकट देतात तसा. बदल्यात काय आलं, तर लिओ डी व्रीस नावाचा 18 वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) आणि अजून तीन पिचर ज्यांची नावं मित्रालासुद्धा फोनमध्ये बघून वाचावी लागली.

आता हिशोबाने मित्र बरोबर आहे हे आधीच कबूल करतो, नाहीतर लगेच मला शिकवायला याल. हरणाऱ्या टीमने क्लोजर सांभाळणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी बँडवाल्याला ॲडव्हान्स देणं. डी व्रीस खरंच तगडा आहे, त्या वयाचा असा पोरगा सहसा कोणी सोडत नाही, सॅन डिएगोने सोडला म्हणून सगळे चकित झाले. सगळं मान्य. पण माझा राग ट्रेडवर नाहीच्चे. राग आहे त्याच्या पुढच्या वाक्यावर. म्हणतो, "आणि बघ ना, 2028 ला व्हेगासचं नवीन स्टेडियम उघडेल तेव्हा हा जेमतेम 21 चा असेल, काय टायमिंग आहे, वर छप्पर, आत एसी, थांब रे जरा, मजा येणारे."

थांब जरा!! मी फ्रीमाँटला राहतो राजा, ओकलंडच्या जवळच. मला थांब सांगतोस?

अरे 2006 साली, मी इथे यायच्या आधी, या टीमने जाहीर केलं होतं की नवीन स्टेडियम फ्रीमाँटला होणार. सिस्को फील्ड नाव पण ठरलेलं. 880 हायवेच्या पलीकडे, पॅसिफिक कॉमन्सच्या बाजूला, जिथे आज आपण शनिवारी कॉस्टकोची गाडी भरतो ना तिथेच. 2009 ला ते गुंडाळलं, इथल्या लोकांनी पण विरोध केला होता, ते असो. मग म्हणे सॅन होजे. तर सॅन होजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमच्या, जायंट्सच्या हद्दीत येतं म्हणून जायंट्स आडवे आले, शहराने कोर्टात नेलं, 2015 ला सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. मग 2017 ला ओकलंडच्याच लेनी कॉलेजजवळची जागा, तीन महिन्यांत कॉलेजवाल्यांनी चर्चाच बंद केली. मग ओकलंड बंदरातलं हॉवर्ड टर्मिनल, पाण्याच्या काठावर, काय ती चित्रं, गच्चीवर झाडं, खाली बोटी, मी ती चित्रं बायकोला दाखवली होती, म्हटलं आपण इथे संध्याकाळी फिरायला येऊ. पाच वर्षं ती चित्रं दाखवली आणि एप्रिल 2023 मध्ये एका रात्री बातमी की व्हेगासला जमीन बघितली. संपलं.

आणि या सगळ्या काळात दर एक-दोन वर्षांनी जो प्लेयर चांगला झाला तो विकला, आणि विकताना कारण ठरलेलं, की बाबांनो जुनं स्टेडियम आहे, उत्पन्न नाही, नवीन झालं की बघा कसे सगळ्यांना ठेवतो. नाचता येईना अंगण वाकडं, ते पण वीस वर्षं, आणि आम्ही खुळ्यासारखे अंगण सरळ व्हायची वाट बघतोय.

डोनाल्डसनचं आठवतं? 2014 च्या नोव्हेंबरमध्ये टोरँटोला दिला. पुढच्याच सीझनला लीगचा MVP, म्हणजे सगळ्यात मोलाचा प्लेयर. बदल्यात आलेल्यातला मोठा हिरा म्हणजे बॅरेटो, तेव्हाही अगदी हेच डायलॉग होते, कोवळा शॉर्टस्टॉप आहे, थांबा. थांबलो. बॅरेटो कुठे आहे आज? त्याच वर्षी जुलैमध्ये बॅट्समन सेस्पेडेस देऊन पिचर लेस्टर आणला होता, म्हणजे तेव्हा उलटा जुगार, आजचं घ्या उद्याचं सोडा. तर वाइल्ड कार्डच्या, म्हणजे हरला की घरी अशा बाद फेरीच्या मॅचला कॅन्सस सिटीत 7-3 ने पुढे असताना आठव्या इनिंगपासून घसरलो आणि 12 व्या इनिंगला 9-8 हरलो. त्या रात्री मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओ ऐकत होतो, घरी यायला सव्वा दहा झाले, बायकोला वाटलं लेऑफ झाला.

आणि मार्च 2022 तर विचारूच नका. एका आठवड्यात तीन प्लेयर दिले. शनिवारी बॅसिट, सोमवारी ओल्सन, बुधवारी चॅपमन. असं घर रिकामं करतात का कोणी? भंगारवाला पण दोन फेऱ्या मारतो. मुलाला सातव्या वाढदिवसाला चॅपमनची जर्सी घेतलेली, हिरवी, 26 नंबर, वाढत्या अंगाची म्हणून दोन साइज मोठी घेतली होती, आपली सवय. नेमकी अंगाला बरोबर बसायला लागली आणि चॅपमन गेला. पोरगं जर्सी हातात घेऊन उभं, "बाबा, आता ही घालायची की नाही?" काय सांगणार? म्हटलं घाल. आणि कळस म्हणजे तो चॅपमन फिरून फिरून कुठे आला 2024 ला, तर पुलापलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोला, जायंट्सकडे, आणि त्यांनी त्याला 151 मिलियनचं काँट्रॅक्ट दिलं. नंबर तोच 26. शाळेतली पोरं माझ्या पोराला विचारतात, तुझ्या चॅपमनचा रंग चुकलाय का?

ओल्सनने 2023 ला अटलांटासाठी 54 होमरन मारले, अख्ख्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्याच वर्षी आम्ही किती जिंकलो? 50. मॅचेस. 162 पैकी. म्हणजे आमच्या अख्ख्या टीमच्या विजयांपेक्षा आम्ही सोडलेल्या एका माणसाचे होमरन जास्त. त्या ट्रेडमधला मोठा प्रॉस्पेक्ट कोण होता, तर पाचे, त्याची बॅटिंग ॲव्हरेज .166, म्हणजे अगदीच खराब झाली आणि वर्षभरात तोही गेला. लँगलिअर्स मात्र चांगला निघाला, त्याबद्दल बोलायचं नाही, तो माझा लाडका आहे. पण तो आता चांगला झालाय म्हणजे... कळलं ना? मला आता कोणी होमरन मारला की आनंद व्हायच्या आधी धडकी भरते, झालं, याचा भाव वाढला, हा पण जाणार. कुठला फॅन असा खेळ बघतो? हार्दिक गुजरातहून परत मुंबईला आला तर 2024 ला वानखेडेवर लोकांनी स्वतःच्याच कॅप्टनला बू केलं, एका ट्रेडसाठी. इथे आमची अख्खी बॅटिंग ऑर्डर वर्षाआड बदलते आणि आम्ही शांतपणे नवीन नावांचे उच्चार शिकतो.

आणि छपराचं कौतुक तर मला सांगूच नका. ओकलंडला छप्पर लागत होतं का? इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच, संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की जॅकेट घालून बसायचं, एवढंच काय ते. जिथे देवानेच एसी लावून दिलाय तिथून टीम उचलली आणि जिथे उन्हाळ्यात 40 च्या वर पारा असतो तिथे नेली, मग अर्थातच छप्पर लागणार, एसी लागणार, आणि त्यासाठी नेवाडाने 380 मिलियनपर्यंत सरकारी पैसा कबूल केला. 2025 च्या जूनमध्ये भूमिपूजन झालं, 9 एकर जागा, 33,000 माणसं मावतील एवढं, उघडत नाही असं पक्कं छप्पर. ऊन लागू नये म्हणून वाळवंटात जाऊन छत्री विकत घेतलेली आहे आणि मित्र म्हणतो छत्री बघ किती सुंदर.

बरं तोवर कुठे, तर सॅक्रामेंटोला, मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या लीगच्या मैदानात, सगळं धरून 14,000 माणसं मावतात. तिथलं ऊन पण साधं नाही, आणि तिथे छप्पर नाही! म्हणजे थंड गावाहून निघाले, छपराच्या गावाला निघाले, मधली तीन वर्षं भट्टीत. आधी तर आर्टिफिशियल टर्फ घालणार होते, प्लेयर म्हणाले पाय भाजतील, मग गवत ठेवलं. शहराचं नावसुद्धा लावत नाहीत, नुसतं ॲथलेटिक्स, जसं लग्न मोडलंय पण दुसरं अजून झालेलं नाही. पहिल्याच मॅचला शिकागोने 18-3 धुतला. ते मैदान चालवणारे विवेक रणदिवे, मूळ मुंबईचे, त्यामुळे आमच्या ग्रुपवर काही लोकांना अभिमान दाटून आला होता, आपला माणूस वगैरे. असेल बाबा आपला माणूस, पण माझ्या घरापासून शंभर मैल लांब आहे. एकदा नेलं मुलाला जुलैत, शनिवारी. तिसऱ्या इनिंगला खुर्चीच्या हाताला कोपर लागलं तर चटका बसला, पोराने ओला नॅपकिन मानेवर ठेवलेला, दोघं मिळून चार बाटल्या पाणी प्यायलो आणि सहाव्या इनिंगला उठून गाडीच्या एसीत जाऊन उरलेली मॅच रेडिओवर ऐकली. शंभर मैल जाऊन रेडिओ!

सगळ्यात जास्त कुठे डोकं फिरतं सांगू? ओकलंड सोडल्या सोडल्या पैसे सापडले. सेव्हरिनोला 67 मिलियन, तोवर टीमच्या इतिहासात कोणाला एवढी मोठी गॅरंटी दिली नव्हती. रूकरला 60. बटलरला 65 च्या वर. अरे मग हेच आमच्या जुन्या सेमियनला, ओल्सनला, चॅपमनला का नाही दिलं? सेमियन तर इथलाच पोरगा, बर्कलेला शिकलेला. तो गेला, टेक्सासबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकून आला.

आता कोणीतरी येऊन सांगणार की ओकलंडला माणसंच यायची नाहीत. हो, नव्हती येत, 2023 ला. 112 मॅच हरणाऱ्या टीमचं तिकीट तू घेतलं असतंस? कोलिझियमची, म्हणजे ओकलंडच्या जुन्या स्टेडियमची अवस्था मला नको सांगू, ड्रेसिंग रूममध्ये गटाराचं पाणी आलेलं, कॉमेंट्री बॉक्समध्ये पॉसम राहायला आलेलं, सगळं माहितीय. पण 13 जून 2023 ला, मंगळवारी, लोकांनी ठरवलं की मालकाला दाखवू, आणि 27,759 माणसं आली, हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द, सेल, म्हणजे विका, प्लेयर नाही, टीम विका. मी हाफ डे टाकून गेलो होतो. बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनच्या स्टेशनवरून स्टेडियमला जायचा तो लांबलचक पूल, दोन्ही बाजूला तारेची जाळी, मावश्या सुपरमार्केटच्या ट्रॉलीवर तवा ठेवून कांदा परततायत, बेकन गुंडाळलेले हॉट डॉग, धूर थेट डोळ्यांत, दादरच्या पुलावर सहा वाजता असतो तसा रेटा. आत राइट फील्डला ढोलवाले. ढोल म्हणजे आपल्या पथकासारखे नाहीत पण छातीत तसेच वाजतात. 2-1 जिंकलो पण त्या रात्री. तो पूल तिथेच आहे अजून. मावश्या कुठे गेल्या कोणी विचारलं का?

शेवटच्या मॅचला, 26 सप्टेंबर 2024, 46,889 माणसं. टेक्साससमोर 3-2 जिंकलो. मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा हेड कोच, कॉट्से मॅच संपल्यावर माइक घेऊन बोलला आणि शेवटचं "लेट्स गो ओकलंड" म्हणायला लावलं, शेजारचे सत्तरीतले आजोबा ढसाढसा रडत होते, 1968 पासून येत होते म्हणाले. मुलाने त्या दिवशी आइस्क्रीम घेतलं, ते छोट्या प्लास्टिकच्या हिरव्या हेल्मेटमध्ये देतात ना, ते धुवून घरी आणलं. सध्या आई आलीय, तिने त्यात लसूण ठेवलाय ओट्यावर. मी काही बोललो नाही.

त्या आजोबांना जाऊन सांग ना, थांबा आजोबा, 21 वर्षांचा शॉर्टस्टॉप येतोय, छपराखाली, विमानाने दीड तास.

हे सगळं मी मित्राला असंच्या असं ऐकवलं, मोदक हातात, तूप मनगटापर्यंत आलेलं. वहिनी दोनदा कॉफी विचारून गेल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, पण कर्ट्झ?" हरामखोर. कर्ट्झचं नाव काढायची गरज नव्हती. 2025 च्या जुलैत ह्यूस्टनला एका मॅचमध्ये चार होमरन मारले त्या पोराने, सहाच्या सहा वेळा हिट, असे चार मारणारा इतिहासातला पहिला रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा प्लेयर, आणि मी व माझा मुलगा सोफ्यावर उभे राहून ओरडत होतो तर खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी मारली.

परवा परत मित्राचा मेसेज. काही लिहिलेलं नाही, नुसता व्हिडिओ, डी व्रीसचा, मायनर लीगमधला होमरन.

बघितला. दोनदा बघितला. रिप्लाय नाही दिला.